काळ्या पोशाखातला माणूस कुठल्या प्रतीत नीट भेटतो? चॉसरच्या 'बुक ऑफ द डचेस'च्या आवृत्त्या, घेण्याआधी तपासून

चौदाव्या शतकातला इंग्रज कवी जेफ्री चॉसर याची 'बुक ऑफ द डचेस' ही कविता मोठ्यानं वाचली तर दीडेक तासात संपते. ओळी १३३४, जोडीजोडीनं यमक. गोष्टही सोपी. झोप न येणारा एक माणूस पुस्तक वाचता वाचता झोपतो. स्वप्नात मे महिन्यातली सकाळ, पक्ष्यांचा कलकल, शिकारीची धावपळ. एका कुत्र्याच्या पिल्लामागे तो रानात शिरतो, तिथे ओकच्या झाडाला पाठ टेकून काळ्या कपड्यातला एक तरुण बसलेला असतो. त्याची प्रिया मेली आहे. उरलेली कविता म्हणजे या दोघांचं बोलणं.

इतक्या छोट्या कवितेसाठी आवृत्त्यांची तुलना कशाला, असं वाटेल. पण हा काळ्या पोशाखातला माणूस नेमका कोण, हे संपादकाच्या टीपा, विरामचिन्हं आणि मोठी-लहान अक्षरं ठरवतात. तो लँकेस्टरचा ड्यूक जॉन ऑफ गाँट आहे, शोक नावाची मूर्त कल्पना आहे, की झोप हरवलेल्या निवेदकाचंच दुःख समोर येऊन बसलंय? चॉसरनं तिन्ही दारं उघडी ठेवली आहेत. चांगली आवृत्ती ती तशीच ठेवते. वाईट आवृत्ती पहिल्याच टीपेत 'हा म्हणजे गाँट' असं सांगून मोकळी होते, आणि मग पुढच्या नऊशे ओळी वाचकाला उगाच लांबवल्यासारख्या वाटतात.

आधी प्रसंग. ही कविता जिच्या मृत्यूवरची मानतात ती गाँटची पत्नी ब्लांश १२ सप्टेंबर १३६८ रोजी वारली. जुन्या पुस्तकांत हे वर्ष १३६९ दिलेलं असतं. १९७०च्या दशकात कागदपत्रं तपासून ते १३६८ ठरलं. तेव्हा हातात आलेल्या प्रतीत १३६९ असेल, तर टीपा जुन्या आहेत असं समजा. शेवटाजवळ, १३१८ आणि १३१९ या ओळींत, 'पांढऱ्या भिंतींचा लांब किल्ला' येतो, 'सेंट जॉनची शपथ' येते आणि 'श्रीमंत टेकडी' येते. लांब किल्ला ('लाँग कॅसल') म्हणजे लँकेस्टर, पांढरा म्हणजे ब्लांश (फ्रेंचमध्ये 'पांढरी'), जॉन म्हणजे गाँट आणि श्रीमंत टेकडी ('रिच हिल') म्हणजे रिचमंड. रिचमंडची जहागीर गाँटकडे १३७२पर्यंतच होती, म्हणून कविता १३६८ ते १३७२ या काळातली धरतात. या दोन ओळींवर टीप नसेल तर ती आवृत्ती विद्यार्थ्याच्या उपयोगाची नाही. कोडं मूळ शब्दांतच आहे, ते सांगितल्याशिवाय उलगडत नाही.

आता बाजारात काय मिळतं ते.

'रिव्हरसाइड चॉसर' ही १९८७ची आवृत्ती, सर्वसाधारण संपादक लॅरी बेन्सन. लेखात किंवा प्रबंधात ओळी उद्धृत करायच्या तर बहुतेक ठिकाणी हाच पाठ चालतो. पण चॉसरचं सगळं लेखन एकाच ठोकळ्यात, तेराशेहून जास्त पानं. आपली कविता त्यात जेमतेम वीसेक पानांत, दोन रकान्यांत, बारीक टाइपात बसवलेली. अवघड शब्दांचे अर्थ पानाच्या तळाशी मिळतात, पण खऱ्या टीपा मागे, नऊशे पानं ओलांडल्यावर. आणि पाठभेदांच्या टीपा त्याहूनही मागे, वेगळ्या विभागात. म्हणजे एका ओळीसाठी तीन जागी बोटं अडकवून बसायचं. टेबलावर उघडी ठेवायला उत्तम, लोकलमध्ये अशक्य. टीपा मात्र पक्क्या. फ्रेंच कवी माशो आणि फ्रुआसार यांच्याकडून कुठली ओळ उचलली, हे त्या ओळीओळीला दाखवतात. पहिल्या वाचनात हे जड होतं, तिसऱ्या वाचनात त्याशिवाय चालत नाही.

नॉर्टनची 'ड्रीम व्हिजन्स अँड अदर पोएम्स', संपादक कॅथरिन लिंच, २००७. ही एक कविता नीट वाचायची असेल तर पहिली खरेदी हीच. चॉसरच्या स्वप्नकविता एकत्र मिळतात, शब्दार्थ आणि टीपा त्याच पानावर, आणि मागे शास्त्रीय व मध्ययुगीन स्रोतांचे उतारे व निवडक समीक्षा. उताऱ्यांचा उपयोग इथे फार होतो, कारण स्वप्न पडायच्या आधी निवेदक जी गोष्ट वाचतो ती रोमन कवी ओव्हिडची आहे: समुद्रात बुडालेला राजा सेयक्स आणि त्याची वाट पाहणारी राणी अल्सियोनी. ओव्हिड शेजारी ठेवला की चॉसरनं काय कापलं ते दिसतं. ओव्हिडकडे शेवटी दोघांचे पक्षी होतात, पुन्हा भेटतात. चॉसर ते गाळतो. राणी तिसऱ्या दिवशी मरते, इतकंच. पुढे रानात बसलेल्या माणसाला पक्षी होऊन भेटण्याची सोय नसणार, हे त्या कात्रीतच ठरलेलं असतं.

पेंग्विनच्या 'लव्ह व्हिजन्स'मध्ये ब्रायन स्टोन यांचा १९८३चा आधुनिक इंग्रजी पद्यानुवाद आहे. मध्ययुगीन इंग्रजीची धास्ती असेल तर शिडी म्हणून घ्या. शिडीवर राहायला जाऊ नका. अनुवादाचा दोष अनुवादकाचा नाही. आठ अक्षरांच्या ओळीत यमक सांभाळायचं म्हणजे शब्द हलणारच, आणि या कवितेत नेमके हलू नयेत असेच शब्द जास्त.

फुकटात हवं असेल तर वॉल्टर स्कीट यांची १८९४ची आवृत्ती, पहिला खंड. तिचे हक्क कधीच संपले, जालावर सहज सापडते. स्कीट यांनी वर्णलेखन एकसारखं केलंय, त्यामुळे वाचायला ती हस्तलिखितांपेक्षा सोपी जाते. ब्लांशच्या मृत्यूचं वर्ष त्यात १३६९ आहे, ते पेन्सिलीनं दुरुस्त करून घ्या. शब्दांसाठी मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजीचा कोश जालावर मोफत आहे आणि तो स्कीटच्या शब्दसूचीपेक्षा कितीतरी मोठा. विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी जोडी हीच. लाँगमनची १९९७ची हेलन फिलिप्स व निक हॅवली यांची 'चॉसर्स ड्रीम पोएट्री'ही चांगली. ग्रंथालयात दिसली तर सोडू नका.

प्रत हातात आली की प्रस्तावना वाचण्याआधी काही ओळी उघडून पाहाव्यात. आवृत्तीची पारख त्यातच होते.

पहिली जागा ३१ ते ९६. कवितेची तीन हस्तलिखितं उरलीत, तिन्ही पंधराव्या शतकातली आणि तिन्ही ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात: फेअरफॅक्स १६, टॅनर ३४६ आणि बॉडली ६३८. या ६६ ओळी त्यांच्या मूळ लेखनात नाहीत. त्या आपल्याला मिळतात विल्यम थिन यांनी १५३२ साली छापलेल्या चॉसरमधून. आता गंमत पाहा. 'आठ वर्षं मला हा आजार आहे, आणि बरं करणारा वैद्य एकच', हे निवेदकाचं प्रसिद्ध वाक्य याच ओळींत आहे. निवेदक स्वतःच प्रेमभंग झालेला आहे आणि काळ्या पोशाखातला माणूस म्हणजे त्याचंच दुःख, ही जी मांडणी पुष्कळ समीक्षा करते, तिचा मोठा खांब या आठ वर्षांवर उभा आहे. आणि खांबाचा पाया चॉसरच्या मृत्यूनंतर १३२ वर्षांनी छापलेल्या एका पुस्तकात. या ओळी चॉसरच्या की नाहीत अशी शंका अभ्यासकांनी घेतलेली आहे. बहुतेक संपादक त्या ठेवतात, आणि ठेवाव्यातही. पण टीप न देता ठेवणं म्हणजे वाचकाला अंधारात ठेवणं.

दुसरी जागा ओळ ४८०. बऱ्याच प्रतींत ४७९ नंतर थेट ४८१ येते आणि वाचकाला छपाईची चूक वाटते. चूक नाही. ४८० ही ओळ फक्त थिनकडे आहे, हस्तलिखितांत नाही; जुन्या क्रमांकांवर संदर्भांचा इतका डोलारा उभा होता की ओळ काढली तरी आकडा तसाच राहिला. म्हणून १३३४ ओळींची कविता मोजायला बसलात तर १३३३ भरते. ही जागा काळ्या पोशाखातल्या माणसाच्या गाण्याच्या मधोमध येते. गाण्याआधी निवेदक सांगतो की त्यानं 'दहा किंवा बारा' ओळी रचल्या. ४८० काढली तर ओळी अकरा होतात, ठेवली तर बारा. संपादकांच्या भांडणावर चॉसर आधीच हसून गेल्यासारखा वाटतो.

पण गाण्याचं महत्त्व वेगळंच. 'माझी तेजस्वी स्वामिनी मेली, निघून गेली' असं त्यात स्वच्छ म्हटलंय, आणि स्वप्न पाहणारा ते झाडाआडून ऐकतो. मग आठशेहून जास्त ओळी तो काहीच कळलं नसल्यासारखा प्रश्न विचारत राहतो: काय हरवलं? कसं हरवलं? ती रागावली का? हा मठ्ठ आहे, की समोरच्याला बोलतं करण्यासाठी वेड पांघरतोय? हा वाद शंभर वर्षं जुना आहे. ज्या प्रतीत गाण्याला टीपच नाही, तिच्या वाचकाला वाद कशाचा हे कळतच नाही. उलट काही आवृत्त्या इथेच 'चॉसर इथे चातुर्य दाखवतो' असा निकाल देतात. तेही नको. मठ्ठपणा आणि चातुर्य यांत शेवटपर्यंत डोलत राहणं हीच त्या संवादाची चव आहे.

मग ओळ ५९७. 'फोर ई आम सोर्व, आंद सोर्व इस ई': मी शोक आहे आणि शोक म्हणजे मी. 'रोमान द ला रोज' या फ्रेंच काव्याची छाया सगळ्या कवितेवर आहे. स्वप्नातल्या खोलीच्या भिंतींवरही तेच काव्य रंगवलेलं. त्यात आळस, भीती, स्वागत अशी नावं घेऊन पात्रं फिरतात आणि नावाबाहेर त्यांना आयुष्य नसतं. हा माणूस तसा नाही. त्याला वय आहे, २४ वर्षं. विरळ दाढी आहे, चेहऱ्यावर रक्त नाही, बोलायची रीत खानदानी. (गाँट त्या वेळी २८चा होता. रोमन आकडा उतरवताना कुठल्यातरी लेखनिकाच्या हातून चूक झाली असावी, असा एक अंदाज आहे.) तो आधी माणूस असतो आणि मग स्वतःच स्वतःला रूपक करून घेतो. शोकानं इतकं गिळलंय की आता नाव सांगायचं तर तेच. छापील प्रतीत इथे 'सोर्व' मोठ्या अक्षरानं सुरू केलं असेल, तर संपादकानं त्याला कायमचं रूपकात कोंडलं. मध्ययुगीन लेखक मोठी अक्षरं आजच्या नियमानं वापरत नव्हते. निर्णय संपादकाचा असतो. हेच ओळ ९४८मध्ये, जिथे तो प्रियेचं नाव 'व्हाइट' सांगतो. मोठं अक्षर दिलं की नाव, लहान दिलं की रंग. ब्लांश म्हणजे फ्रेंचमध्ये पांढरी, तेव्हा दोन्ही एकदम हवंय, आणि काळ्याच्या तोंडी पांढरी हवीय. छपाईत दोन्ही एकदम देता येत नाही, हे खरं.

सगळ्यात मजेची आणि मराठी वाचकाला खास जवळची जागा म्हणजे बुद्धिबळाची, ६१८पासून पुढे. तो सांगतो की नशिबाची देवता माझ्याशी बुद्धिबळ खेळली, दबक्या पावलांनी आली, माझा 'फेर्स' मारला आणि पटाच्या मधोमध एका भटक्या प्याद्यानं मात दिली. 'फेर्स' हा शब्द अरबीतून आलेला, मुळात फारसी 'फर्झीन', म्हणजे राजाचा मंत्री. आपला वजीर तोच. शाळेच्या हिंदीत वाचलेला रहीमचा दोहा आठवा: प्यादं 'फरजी' होतं आणि वाकडं वाकडं चालायला लागतं. लंडनमधला चॉसर आणि अकबराच्या दरबारातला रहीम एकाच मोहऱ्याबद्दल बोलतात, आणि दोह्यातलं वाकडं चालणंही नियमाला धरून आहे, कारण जुन्या खेळात हा मोहरा फक्त तिरका, एकच घर जायचा.

टीपेनं नेमकं हे सांगायला हवं, आणि इथेच बऱ्याच आवृत्त्या 'फेर्स: क्वीन' एवढं लिहून सुटतात. आधुनिक वजिराची चौफेर चाल युरोपात आली पंधराव्या शतकाच्या शेवटाला. चॉसर १४००मध्ये वारला. त्याच्या पटावर फेर्स हा दुबळा मोहरा होता. म्हणून 'एका फेर्ससाठी कुणी एवढा आकांत करत नाही' हे स्वप्न पाहणाऱ्याचं म्हणणं (७४०च्या आसपास) आजच्या वाचकाला वाटतं तेवढं बावळट नाही. खेळ म्हणून ते बरोबर आहे. उलट शोक करणारा म्हणतो की नशिबाच्या जागी मी असतो तर मीही तीच चाल केली असती, तिनं सर्वोत्तम तेच उचललं. पटाच्या नियमानं हे चूक. दुबळा मोहरा सर्वोत्तम कसा? त्या चुकीच्या फटीतून बाई दिसते. इथे रूपक मोडतं, आणि ते चॉसरनं मुद्दाम मोडलंय असं वाटतं.

मराठीत अर्थ सांगणाऱ्याची पंचाईत अशी की 'वजीर' म्हटलं तर मूळ अर्थ अचूक साधतो आणि बाई जाते. 'राणी' म्हटलं तर बाई येते आणि चाल चुकते. वर्गात शिकवताना 'फेर्स' तसाच ठेवून दोन्ही सांगणं बरं. आणखी एक गाठ ७२३मध्ये आहे: 'बारा फेर्स हरवले असते तरी'. पटावर बारा फेर्स कुठून? कुणी म्हणतं बढती मिळालेली प्यादी, कुणी म्हणतं हा दुसऱ्याच, सोंगट्यांच्या खेळाचा हिशेब. इथे खात्रीनं एकच उत्तर देणाऱ्या टीपेवर विश्वास ठेवू नका. (जाता जाता: बुद्धिबळाचा शोध तो अथॅलस नावाच्या माणसाच्या नावावर टाकतो. तेही 'रोमान'मधूनच उचललेलं. चतुरंगाच्या देशातल्या वाचकानं फार मनावर घेऊ नये.)

शिकारीचा श्लेष अनुवादात निम्मा वाचतो. 'हेर्त' म्हणजे नर हरीण आणि 'हेर्ते' म्हणजे हृदय. शेवटी 'हेर्त-हंटिंग' संपली असं निवेदक म्हणतो तेव्हा हरणाची आणि हृदयाची, दोन्हींची शिकार संपते. आधुनिक इंग्रजीत उच्चार अजून जुळतो, पण 'हार्ट' हा हरणाचा शब्द आता कुणी रोज वापरत नाही, म्हणून टीप लागतेच. मराठीत 'हरण' शब्दाला वेगळाच दुसरा अर्थ चिकटलेला आहे, सीताहरणातला. हृदय त्यात येत नाही. पण हिरावून नेलेली बायको येते.

शेवटची तपासणी १३०९ आणि १३१०. 'शे इस देद!' 'नाय!' 'यिस, बे मी त्रौथ!' ती मेली. नाही! खरंच, शपथेवर. हा संवाद कवितेचा कळस, आणि तो दोन ओळींत संपतो. अवतरणचिन्हं हस्तलिखितांत नाहीत, ती संपादकाची. छापताना प्रत्येक बोलणं वेगळ्या ओळीवर तोडलं की नाट्य वाढतं, पण आठ अक्षरांचा ठोका तुटतो. सलग छापलेलं अधिक चांगलं. तिथे ती बातमी यमकातून धक्का दिल्यासारखी येते, सजवून येत नाही.

वाचायची पद्धत. पहिल्या २९० ओळी अनुवादात वाचल्या तरी नुकसान थोडं. २९१पासून, म्हणजे स्वप्न सुरू झाल्यावर, मूळ पाठ मोठ्यानं वाचा. देवनागरी वाचणाऱ्याला एक सोय आहे: स्वर जवळजवळ लिहिल्याप्रमाणे उच्चारायचे, 'नाईट' (knight, सरदार) या शब्दातला सुरुवातीचा क आणि मधला घोगरा ख दोन्ही म्हणायचे. शब्दाच्या शेवटचा 'ए' हलका अ म्हणून उच्चारायचा, पुढचा शब्द स्वरानं सुरू होत असेल तर गिळायचा. ५९७वी ओळ अशी म्हणून पाहा, दोन्ही 'सोर्व'चे शेवट गिळले की बरोबर आठ भरतात. अष्टाक्षरीची सवय असलेल्या कानाला हिशेब लगेच जमतो. फक्त इथे अक्षरांबरोबर चार आघातही मोजायचे. काही ओळी मोजमापात बसणार नाहीत. चॉसरची ही सुरुवातीची कविता आहे आणि हस्तलिखितं उतरवणाऱ्यांनीही हात चालवलेला आहे. ओळ जबरदस्तीनं बसवू नका.

चुका कुठे होतात? एक तर ओळक्रमांक नसलेल्या ई-पुस्तकांत. फुकट आणि स्वस्त फाइलींमध्ये क्रमांक गळतात, आणि क्रमांकाशिवाय टीपा, कोश, लेख, काहीच जुळत नाही. घेण्याआधी नमुना पान उघडून समासात दर पाच किंवा दहा ओळींनी आकडा दिसतो का ते पाहा. दुसरी चूक 'चॉसर समग्र, आधुनिक इंग्रजीत' असं लिहिलेल्या, संपादकाचं नाव नसलेल्या पुस्तकांची. त्यांत ३१–९६, ४८० आणि ७२३ यांतलं काहीच सांगितलेलं नसतं.

हे सगळं घेतल्यावरही डोळ्यांची हौस राहिली असेल, तर फेअरफॅक्स १६ची पानं बॉडलियननं जालावर ठेवलेली आहेत. कवितेचं सुरुवातीचं पान उघडा आणि ३१व्या ओळीशी थांबा. अक्षर बदलतं. ६६ ओळी सतराव्या शतकातल्या कुणाच्या तरी हातच्या आहेत, आणि निवेदकाची ती निद्रानाशाची आठ वर्षं त्याच वेगळ्या शाईत बसलेली दिसतात.